परागंदा झालेल्यांची भूमी

लिंबायत हे एके काळी सुरत शहराबाहेरचे शेतकऱ्यांचे गाव होते. आज ते शहराच्या पोटात गेले आहे. जेथे ज्वारीची शेते होती तेथे यंत्रमागाचे कारखाने आणि त्यांना लागून उभी राहिलेली एक-दोन खोल्यांची घरे आहेत, आणि त्या घरांतून गुजरातीइतकीच, कित्येक गल्ल्यांतून गुजरातीपेक्षा अधिक, अहिराणी व मराठी ऐकू येते. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तीन जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने येथे आली. या मार्गावरील नवापूर स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत आहे, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल.

लिंबायतमध्ये आम्ही ज्या ज्या घरी जातो, त्या प्रत्येक घरी कागदांची एक पिशवी खुंटीला किंवा पेटीत असतेच. वर वेराबिल व वीजबिल. त्याखाली खोलीच्या खरेदीचा मुद्रांकावरील करार. आणि अगदी तळाशी, घडीवर विरलेला, साक्री, शहादे किंवा शिंदखेडे तालुक्यातील दीड-दोन एकरांचा सातबाऱ्याचा उतारा. घरातला कर्ता पुरुष वीस वर्षे मागावर उभा असला तरी तो उतारा टाकून दिला जात नाही. परंतु काही घरांत पिशवीचा तळ रिकामा असतो. ही घरे बहुधा भिल्ल, मावची व पावरा बंधूंची. त्यांना विचारले तर उत्तर मिळते, जमीन आहे, कागद नाही. या उत्तरामागे जो इतिहास आहे तो थोडक्यात मांडण्याचा आमचा हेतू आहे. गाव सोडून गेलेल्या माणसाचा भूमीवरील हक्क कोण सांभाळतो, या एका प्रश्नाच्या आधारे आम्ही तो पाहणार आहोत.

मराठी मुलखात या प्रश्नाला एक जुने उत्तर होते. गावाची वस्ती ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी, असा भेद आपल्या भाषेत रूढ आहे; आणि जुन्या महजरांत 'समस्त पांढरी' हा शब्द केवळ जागेचा वाचक नसून गावाच्या समुदायाचा वाचक आहे. मिरासदार आपल्या थळातील जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसत असे. परंतु ती विकावयाची झाल्यास भाऊबंदांना व पांढरीला विचारल्यावाचून व्यवहार पक्का होत नसे. ज्या घराण्याचा वंश खुंटला त्याची जमीन गतकुळी म्हणून गावाकडे येई, व ती कोणास द्यावयाची ते गाव ठरवी. वाद पडल्यास गोतसभा बसे. तिच्यापुढे कागद असला तर उत्तमच, पण नसला तरी शेजारच्या थळाचे लोक, बलुतेदार आणि वृद्ध माणसे यांची साक्ष चाले. दुष्काळाने अथवा लष्कराच्या धामधुमीने मिरासदार परागंदा झाला, तर त्याची जमीन पडीक राहत नसे, दुसरा कोणी ती उपरी म्हणून कसत असे. तथापि मूळ घराणे परतले म्हणजे, प्रसंगी नातवाच्या पिढीत, त्याला ती परत मागता येई. १८१८ नंतर दक्षिणेत आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना याचे मोठे नवल वाटले व त्यांनी ते आपल्या अहवालांत नोंदविले.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला मात्र यात नवल वाटू नये. शुनेमकरीण दुष्काळामुळे सात वर्षे पलिष्ट्यांच्या देशात जाऊन राहिली, आणि परत आल्यावर तिने राजापुढे आपल्या घराची व शेताची फिर्याद नेली. ती निकालात निघाली ती गेहजीच्या साक्षीवर, आणि अनुपस्थितीच्या काळातील उत्पन्नदेखील तिला मिळाले. नामीही मवाबातून परतली तेव्हा तिच्या पतीच्या वतनाचा प्रश्न नगराच्या वेशीत दहा वडिलांसमोर सुटला. गोतसभा म्हणजे दुसरे काय होते?

ही व्यवस्था सोन्याची होती असा आमचा दावा नाही. उपऱ्याला पांढरीत मान नव्हता. महारांच्या वाट्याला हाडकी-हाडोळ्याच्या तुकड्यांबरोबर साऱ्या गावाची वेठ आली होती. स्त्रीचे नाव गोताच्या यादीत क्वचितच येई. शिवाय खानदेशात मिरासीची मुळे देशावरच्याइतकी खोल गेलेली नव्हती. १८०२ च्या होळकरी स्वाऱ्या व त्यापाठोपाठचा दुष्काळ यांनी हा प्रांत ओस पडला होता, आणि पुढे कौल देऊन, सारा सूट देऊन तो पुन्हा वसवावा लागला. असो.

कंपनी सरकारपुढे दोन मार्ग होते. गुजरातेत, भरूच व खेडा या भागांत, भागदारी व नरवादारी नावाची गावे होती. तेथे सारा साऱ्या गावावर बसे आणि भागदार आपसांत तो वाटून घेत. ही पद्धत मोडू नये म्हणून मुंबई सरकारने १८६२ मध्ये कायदाही केला. म्हणजे समुदायाचा हक्क कागदावर लिहिता येत नाही, ही सबब खरी नव्हती; जेथे सारा वसूल होण्यास सोयीचे होते तेथे तो लिहिला गेला. दक्षिणेत व खानदेशात मात्र गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून १८३५ च्या सुमारास सुरू केलेली मोजणी लागू झाली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम बांधले. प्रत्येक शेताला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला आकार आणि प्रत्येक आकाराला एक खातेदार. मोजणी खानदेशात आली तेव्हा, १८५२ मध्ये, सावदे, फैजपूर, यावल, एरंडोल या बाजूच्या रयतेने तिला उघड विरोध केला, आणि तो मोडण्यास फौज न्यावी लागली. आपल्या शालेय इतिहासात या प्रकरणाला एखादी ओळही क्वचितच मिळते.

खातेदाराचा हक्क वंशपरंपरेने चालणारा व विकता येण्याजोगा होता, आणि तो शेतकऱ्याला लाभला हे खरे. पण विकता येण्याजोगा म्हणजेच गहाण टाकता येण्याजोगा, आणि कोर्टाच्या हुकुमाने लिलावात काढता येण्याजोगा. याच काळात, १८६५ साली, न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांच्या सामाईक भूमीसाठी असा कायदा झाला की कुळाच्या साऱ्या जमिनीवर दहाहून अधिक मालकांची नावे लिहावयाची नाहीत. शेकडो माणसांची जमीन दहा नावांवर गेली, आणि त्या दहांना ती विकण्यास कोणाला विचारावे लागले नाही. दोन देशांत मोठे अंतर, पण रकाना एकच.

सातपुड्याच्या डोंगरांत तर हा रकानासुद्धा पोहोचला नाही. अक्राणी व अक्कलकुवे या भागांतील पाड्यांवर शेताच्या मर्यादा ओढा, धार व झाड यांनी ठरत. कोणी कोठे नेवाड काढावयाचे ते पाटील, कारभारी, पुजारा व जाणते लोक मिळून ठरवीत. नांगरणी, घरबांधणी लाहेने, म्हणजे पाड्याने एकमेकांस फुकट श्रम देऊन, होत असे. १८७८ च्या वन कायद्याने जंगल राखीव करताना ठरावीक मुदतीत अधिकाऱ्यापुढे येऊन हक्क सांगावा असे म्हटले. सांगितला नाही तर तो संपला. जाहीरनामा वाचणारे कोणी नव्हते, हक्क सांगावा लागतो हेच कोणाला ठाऊक नव्हते. अशा रीतीने कोणताही हुकूम मोडल्यावाचून माणसे आपल्याच भूमीवर 'अतिक्रमणदार' झाली. त्याच कायद्यात गावाच्या स्वाधीन करावयाच्या ग्रामवनांची तरतूद होती, १९२७ च्या कायद्यातही ती राहिली. पण ती बहुतांशी कागदावरच.

सपाटीवरील भिल्लांची कथा निराळी. त्यांची नावे खात्यावर चढली होती, आणि खात्यावरूनच ती उतरली. सावकाराकडे जमीन जाते हे सरकारला दिसत नव्हते असे नाही. १९०१ मध्ये मुंबई सरकारने जप्त जमिनी विकता न येण्याच्या अटीवर देण्याचे विधेयक आणले. आपण ज्याला 'नवी शर्त' म्हणतो तिचा उगम येथेच आहे. फिरोजशहा मेहता व गोखले यांनी या विधेयकाच्या निषेधार्थ सभात्याग केला होता. शेतकऱ्याच्या मालकीच्या हक्कावर घाला म्हणून त्यांचा विरोध प्रामाणिक होता, तरी या एका बाबतीत सरकारचे निदान अगदीच चुकीचे होते असे आम्हांस म्हणवत नाही.

पुढे शहादे तालुक्यात १९७१ च्या पाटीलवाडी प्रकरणानंतर अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी गेलेल्या जमिनी परत मागितल्या, आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग १९७४ मध्ये वारले. त्याच वर्षी महाराष्ट्राने आदिवासींच्या जमिनींच्या हस्तांतरावर निर्बंध घातले, व १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो वैध ठरविला. हा कायदा मोठा होता. पण परत मिळावयाची ती जमीन एका नावाची एका नावाला. गावाचे चराऊ रान, पाड्याची धार, यांचा त्यात उल्लेख नाही.

रकान्याबाहेर असण्याची किंमत धरणांनी उघड केली. तापीवरील उकाई १९७२ मध्ये पूर्ण झाले, आणि आज सुरतेला पाणी मिळते ते त्याच जलाशयातून, लिंबायतच्या नळालाही. त्याखाली गेलेल्या गावांचे लोक उच्छल, निझर, सोनगड या भागांत पांगले. सरदार सरोवराने महाराष्ट्रातील अक्राणी व अक्कलकुव्याची ३३ गावे बाधित केली. १९७९ च्या लवाद निवाड्याने जमीन गमावणाऱ्या भूधारकास जमीन देण्याचे ठरविले. मग नोंद नसलेले नेवाड कसणारा भूधारक आहे की नाही, यावर वर्षानुवर्षे भांडण चालले. याहून विदारक गोष्ट तळोद्याची. विस्थापितांसाठी १९९० ते १९९४ च्या दरम्यान तेथील राखीव वनातील सुमारे ४,२०० हेक्टर क्षेत्र मोकळे करण्यात आले. कागदावर ते जंगल होते. प्रत्यक्षात त्यात दुसरे आदिवासी आधीपासून शेती करीत होते. कागद नसलेल्यांच्या पुनर्वसनासाठी कागद नसलेलेच उठविले जाण्याची पाळी आली.

२००६ च्या वनहक्क कायद्याने प्रथमच समुदायाला रकाना दिला. व्यक्तीला ४ हेक्टरांपर्यंत कसती जमीन, तीही पतिपत्नीच्या संयुक्त नावे व विकता न येणारी. आणि गावाला आपले परंपरागत वन राखण्याचा सामूहिक हक्क. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावरील असा हक्क मिळाला. नियमांत पुराव्याच्या यादीत गावातील वृद्धांचे लेखी घेतलेले निवेदनही आहे. आफ्रिकेत मोझांबिकच्या १९९७ च्या भूमी कायद्याने याच प्रकारे शेजाऱ्यांची तोंडी साक्ष ग्राह्य धरली, व नोंद नाही म्हणून हक्क बुडत नाही असेही म्हटले. जवळजवळ दीडशे वर्षांनी गोतसभेची साक्ष पुन्हा सरकारी कागदावर आली.

तथापि लिंबायतच्या दृष्टीने एक शब्द अडतो. हा हक्क मुख्यतः वनात राहणाऱ्या व उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असणाऱ्या माणसाचा आहे. धडगावचा किंवा नवापूरचा माणूस दिवाळीनंतर कोयता घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला येतो, पावसाळ्यात परततो. त्याचा भाऊ मागावर बसतो आणि वर्षातून दोनदाच घरी जातो. हे 'मुख्यतः' कोठे राहतात? ग्रामसभेला निम्म्या सभासदांची उपस्थिती लागते, त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया. ज्या पाड्यांवर हिवाळ्यात म्हातारी माणसे व लहान मुले उरतात तेथे ती भरावी कशी? १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटविण्याचा आदेश दिला, २८ फेब्रुवारीस तो स्थगित केला. त्या पंधरवड्यात सातपुड्यात ज्यांच्या दाव्यांचे कागद अपुरे होते ते सारे गावीच होते असे नाही.

ज्याच्या पिशवीच्या तळाशी सातबारा आहे त्याला हे भय नाही. त्याने आयुष्य लिंबायतमध्ये काढले तरी त्याचे नाव तलाठ्याच्या दप्तरात राहते. जुनी पांढरी करीत असे ते काम त्याच्यापुरते तो उतारा करतो. ज्याच्याकडे उतारा नाही त्याची गैरहजेरी भरून काढणारी केवळ गावाची आठवण आहे. ती ऐकून घेण्याची सोय कायद्यात झाली. पण आठवण सांगणारे वृद्ध दरवर्षी कमी होत आहेत, आणि त्यांची मुले मिठी खाडीच्या काठी राहतात. आमच्या मंडळ्यांतील तरुणांनी सुट्टीत गावी गेल्यावर वडीलधाऱ्यांकडून शेताच्या मर्यादा, ओढ्यांची नावे व कोण कोणाच्या शेजारी कसत होता हे लिहून घ्यावे, आणि ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यावे, असे आम्ही त्यांना सांगत आलो आहोत. काहींनी ते केलेही आहे.

श्रावणात लिंबायतच्या खानदेशी घरांतून कानबाईचे रोट होतात. भाऊबंदकीतील प्रत्येक पुरुषाच्या नावे सव्वा मूठ धान्य मोजून घेतले जाते. जो कामावर आहे, जो दूर आहे, त्याचीही मूठ त्यात पडते. स्त्रियांची पडत नाही.