परमुलखात घर करताना

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या पूर्वजांनी आपल्या हाती दिली, त्यांच्या डोळ्यांसमोर गावातले घर होते. दगड कोणत्या खाणीचा, गवंडी कोण, विहिरीला पाणी किती हातांवर लागते आणि बांधालगतचा शेजारी कसा आहे, हे सारे त्यांना ठाऊक असे. आज रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात घरांची जी बोलणी आमच्या कानी पडतात, ती दूरच्या मुलखांतील असतात. कुणाचा मुलगा टोरँटोजवळ घर पाहतो आहे, तर कुणाची लेक मेलबर्नच्या उपनगरात. किंमत किती, हप्ता किती, स्टेशन किती अंतरावर, हेच प्रश्न विचारले जातात. ते योग्यच आहेत. परंतु आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील ख्रिस्ती माणसे दीडशेहून अधिक वर्षे परमुलखात घरे करीत आली आहेत. विशेषतः आपल्या गोवेकर बांधवांच्या अनुभवाने, या प्रश्नांच्याही आधी विचारावयाचे काही प्रश्न शिकविले आहेत. त्या अनुभवाचा थोडा मागोवा येथे घ्यावा, असे आम्हांस वाटते.

गोवेकरांचा पहिला परदेश म्हणजे मुंबई. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्यावर पोर्तुगालची सत्ता होती, त्यामुळे मुंबईस येणारा गोवेकर कागदोपत्री एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येत असे. तो येथे येताच घर विकत घेत नसे. धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या एकेका गावाने आपापली ‘कुड’ थाटली होती. आगबोटीवर काम मिळेपर्यंत किंवा दोन सफरींच्या मधल्या काळात खलाशी, आचारी, वाजंत्री तेथे उतरत. अल्प वर्गणी, भिंतीशी लावलेल्या पेट्या, गावच्या आश्रयदात्या संताची वेदी आणि सायंकाळची सामुदायिक जपमाळ, असे तेथील जीवन असे. त्यांतील काही कुडी आजही टिकून आहेत. नव्या मुलखात पाऊल ठेवताच घर घेण्याची घाई करू नये, आधी आपल्या माणसांत राहून तो मुलूख ओळखावा, हा व्यवहार या साध्यासुध्या माणसांनी कोणत्याही पुस्तकावाचून जाणला होता.

मुंबईहून पुढे अनेकजण कराचीस गेले. तेथील सद्दर भागात १८४५ साली एक छोटे चर्च उभे राहिले होते. १८६१ मध्ये सेंट पॅट्रिक्स शाळा निघाली आणि १८८१ मध्ये त्याच नावाचे भव्य चर्च बांधून पूर्ण झाले. गोवेकर कुटुंबांनी घरे केली ती मुख्यतः या आवाराच्या आसपास. चर्च, शाळा आणि कचेरी ही तिन्ही पायी गाठता यावीत, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत शहराच्या वाढत्या भागात एक नवी वसाहत आकारास आली. सिनसिनाटस डि’अब्रेओ या गोवेकर पुढाऱ्याच्या नावावरून ती ‘सिनसिनाटस टाउन’ म्हणून ओळखली जाऊ लागली. आज त्या भागास गार्डन ईस्ट म्हणतात आणि संत लॉरेन्स यांचा धर्मग्राम तेथे आहे. भाड्याच्या खोलीपासून स्वतःच्या बंगलीपर्यंत हा समाज आला तो आपल्या प्रार्थनास्थळाचे बोट धरून. १९४७ साली या कुटुंबांनी घर हलविले नाही. देशाची सीमा मात्र हलली. पुढील दशकांत त्यांतील पुष्कळांनी कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाची वाट धरली.

कराचीत घर कोठे घ्यावे हे बव्हंशी खिसा आणि सोय यांवर ठरले. पूर्व आफ्रिकेत ते कायद्याने ठरविले. मोंबासाहून निघालेली युगांडा रेल्वे १८९९ साली नैरोबीस पोहोचली आणि तिच्या पाठोपाठ कारकून, शिंपी, आचारी, डॉक्टर म्हणून गोवेकर तेथे गेले. १९०५ मध्ये त्यांनी नैरोबीत गोवन इन्स्टिट्यूट स्थापन केली. डॉ. रोझेंदो रिबेरो हे तर झेब्य्रावर बसून रोगी तपासावयास जात. जनगणनेत गोवेकरांसाठी इतर हिंदी लोकांपासून वेगळा रकाना असे आणि काहींना त्याचा अभिमानही वाटे. परंतु जमिनीची गोष्ट निघाली की हा वेगळेपणा गळून पडे. थंड हवेची, सुपीक ‘हायलँड्स’ युरोपियनांसाठी राखून ठेवण्यात आली होती. १९२३ च्या डेव्हनशायर श्वेतपत्रिकेने शहरांतून युरोपियन व आशियाई यांना वेगळे ठेवण्याचे धोरण सोडून दिल्याचे जाहीर केले, पण हायलँड्सची राखण तशीच चालू ठेवली.

शहरांतही कागदावरचे उदार शब्द घराच्या दारापर्यंत पोहोचले नाहीत. मोंबासा येथील काही सरकारी भूखंडांच्या लिलावात केवळ युरोपियनांनीच बोली लावावी, आणि घरकामाच्या नोकरांखेरीज कोणाही आशियाई वा आफ्रिकन माणसाने तेथे राहू नये, अशी अट घालण्यात आली होती. कादरभाई नावाच्या गृहस्थांनी तिला न्यायालयात आव्हान दिले. वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९३१ साली निकाल सरकारच्या बाजूने लागला. म्हणजे पैसा असूनही त्या जागी माणसाला नोकर म्हणून राहता येईल, मालक म्हणून नाही! मग ईस्टली, पंगानी, नगारा, पार्कलँड्स हेच आशियाई लोकांचे भाग ठरले. ईस्टलीत संत तेरेजा आणि पार्कलँड्समध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या चर्चभोवती गोवेकरांचे जीवन रुजले. जे सरकारी अथवा रेल्वेच्या निवासात राहत, त्यांचे घर नोकरीबरोबर संपे. म्हणून अनेकांनी आयुष्यभराची पुंजी आफ्रिकेत न गुंतविता गोव्यातील वडिलोपार्जित घरावर कौले चढविण्यात खर्च केली. त्या वेळी काहींनी त्यांना अदूरदर्शी म्हटले असेल. काळाने काय म्हटले, ते पुढे दिसते.

ज्यांनी आफ्रिकेतच घरे घेतली त्यांची परीक्षा स्वातंत्र्यानंतर झाली. केनिया १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला आणि परकीय वंशाच्या रहिवाशांना नागरिकत्वासाठी अर्ज करण्यास दोन वर्षांची मुदत मिळाली. अनेकांनी ती संकोचात घालविली. १९६७ च्या कायद्यांनी नागरिक नसलेल्यांना कामासाठी व व्यापारासाठी परवाने बंधनकारक केले. १ मार्च १९६८ पासून ब्रिटनने, आपले पारपत्र बाळगणाऱ्या परंतु ब्रिटनशी जन्माचे वा वंशाचे नाते नसलेल्या लोकांच्या मुक्त प्रवेशावर बंधन आणले. टांझानियात १९७१ साली एक लाख शिलिंगांहून अधिक मूल्याच्या भाड्याच्या इमारती सरकारजमा झाल्या. म्हातारपणाची काठी म्हणून बांधलेली चाळ किंवा इमारत एका कायद्याने हातची गेली, अशी कितीतरी आशियाई कुटुंबे होती.

आणि ४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडात इदी अमीन यांनी आशियाई लोकांना देश सोडण्याचे फर्मान काढले. मुदत होती ९० दिवसांची. घर, दुकान, बँकेतील ठेव मागे टाकून, कुटुंबामागे सुमारे ५० पौंड बरोबर घेऊन लोक विमानात बसले. ब्रिटनमध्ये सुमारे २८ हजार निर्वासित उतरले. मात्र या कथेला एक उपसंहार आहे. १९८२ साली युगांडाने जप्त मालमत्ता मूळ मालकांना परत करण्याचा कायदा केला आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी त्याची अंमलबजावणी जोमाने झाली. वीस वर्षांनी का होईना, मालकीचा दावा सांगता आला. घर ओस पडते, कुलूप गंजते, पण खरेदीखत जपून ठेवलेले असेल तर हक्काचा आवाज अगदीच मुका होत नाही.

ब्रिटनमध्ये आलेल्या या लोकांनी आता घर कोठे करावे? पुनर्वसन मंडळाने देशाचे ‘लाल’ व ‘हिरवे’ असे विभाग पाडले होते. ज्या शहरांत आधीच बाहेरून आलेल्यांची गर्दी आहे ती लाल, तेथे जाऊ नये. लेस्टर त्या लाल शहरांपैकी एक. तेथील नगरपालिकेने तर सप्टेंबर १९७२ मध्ये ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आपल्या व कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका, असे बजावले. तरीही हजारो कुटुंबे लेस्टरलाच गेली. विचारांती त्यात नवल वाटत नाही. तेथे आधी आलेले नातलग होते, विणकामाच्या व होजिअरीच्या कारखान्यांत काम होते, ओळीने बांधलेली जुनी घरे तुलनेने स्वस्त होती, आणि आपली भाषा बोलणारा वाणी कोपऱ्यावर होता. अधिकाऱ्यांच्या नकाशाला या चार गोष्टी दिसल्या नव्हत्या. निर्वासितांना त्या न सांगता कळल्या. पुढे त्याच लोकांनी त्या शहराचे ओस पडू पाहणारे रस्ते दुकानांनी गजबजविले.

त्याआधी आलेल्यांना तर कायद्याचेही छत्र नव्हते. वंशभेदाविरुद्धचा ब्रिटनचा पहिला कायदा १९६५ सालचा, पण घरांचा व्यवहार त्याच्या कक्षेबाहेर होता. तो १९६८ च्या कायद्याने कक्षेत आणला. तोवर ‘काळ्यांना खोली मिळणार नाही’ अशा पाट्या खिडकीत लावणे बेकायदा नव्हते. कर्ज देण्यास संस्था नाखूश असत, तेव्हा वेस्ट इंडीजमधून आलेल्यांनी ‘पार्डनर’ नावाची पद्धत चालविली. प्रत्येकाने दर आठवड्याला ठरावीक रक्कम द्यावयाची आणि जमलेली रास पाळीपाळीने एकेकाने उचलायची. आपल्याकडील भिशीचेच हे भावंड! पहिल्या घराची पहिली रक्कम अशा परस्परविश्वासावर अनेकांनी उभी केली. अटलांटिकपलीकडेही असेच घडत होते. विशिष्ट वंशाच्या माणसाला घर विकू नये, अशा अटी खरेदीखतांत लिहिल्या जात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली अशा अटींची अंमलबजावणी न्यायालये करणार नाहीत असे ठरविले, आणि कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली ओंटारिओतील तशीच एक अट रद्द केली. आज टोरँटोच्या परिसरात आपली मुले जेथे हवे तेथे घर पाहू शकतात, त्यामागे कुणा अनोळखी माणसांनी लढविलेले हे खटले आहेत.

आताचा काळ निराळा आहे, पण कायद्याचा प्रश्न संपलेला नाही. फक्त आता तो वंश न विचारता नागरिकत्व आणि निवासाचा परवाना विचारतो. न्यूझीलंडने २०१८ साली परकीयांच्या घरखरेदीवर मोठी बंधने घातली. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून नागरिक वा कायम निवासी नसलेल्यांच्या घरखरेदीस बंदी केली व पुढे तिची मुदत १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढविली. तिला काही अपवाद आहेत, ते नीट वाचावयास हवेत. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळात परकीयांना जुनी, वापरातील घरे घेण्यास बहुतांशी मनाई केली. तेव्हा घर पाहण्याआधी आपल्या हातातील परवाना पाहिला पाहिजे. कामाचेही तसेच. पोर्तुगीज पारपत्राच्या आधारे इंग्लंडमधील स्विंडन येथे गोवेकरांची मोठी वस्ती झाली. त्याच शहरातील होंडा मोटारींचा कारखाना जुलै २०२१ मध्ये बंद झाला. एका कारखान्याच्या सावलीत घर घ्यावे की नाही, हा विचार प्रत्येकाने करावा.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी या निर्णयाचे दुसरे टोक आहे, ते म्हणजे इथली वाडी. परदेशातील घराची पहिली रक्कम उभी करण्यासाठी इथला तुकडा विकण्याची भाषा घरोघरी चालते. ती करण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. महाराष्ट्रात शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यालाच विकत घेता येते. अखेरचा सातबारा विकला की शेतकरी हे नावच पुसले जाण्याचा संभव असतो. आणि परदेशस्थ भारतीयास किंवा परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसास येथे फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन वा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाहक्काने ती मिळू शकते. याचा अर्थ सरळ आहे. परदेशातले घर चुकले तर दुसरे घेता येईल. आजोबांनी लावलेल्या केळीची वाडी एकदा गेली, की पैसे घेऊन परतलेल्या नातवालाही ती पुन्हा घेता येईलच असे नाही.

मुलांनी जाऊ नये, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या आधीच्या पिढ्या गेल्या, कष्टल्या, आणि त्यांच्या पाठविलेल्या पैशांवर गावोगावची चर्चे नि शाळा उभ्या राहिल्या. आमचे सांगणे एवढेच की, त्यांनी ज्या क्रमाने विचार केला, तो क्रम सोडू नये. प्रथम काही काळ भाड्याने राहावे. मग या देशात आपला हक्क किती पक्का आहे ते तपासावे. काम गेले तर जवळपास दुसरे मिळेल काय, हे पाहावे. आजारपणात दार ठोठावता येईल असा शेजार आणि म्हाताऱ्या आईला पायी जाता येईल असे चर्च जवळ आहे काय, याची चौकशी करावी. एवढे झाल्यावर किंमत विचारावी. आणि सर्व कागदांची एक प्रत इथल्या कपाटात, जुन्या खरेदीखतांशेजारी ठेवून द्यावी.