पांचवी तार

चार तारांच्या वाद्यावर पांचवी तार चढवावयाची म्हटलें, कीं ऐकणारास वाटतें, एक खुंटी बसविली, एक तार ओढली, काम झालें! पण वाद्यांचा इतिहास कांहीं निराळेंच सांगतो. ज्या वाद्याला तार वाढली, त्याचें अंगच बदलावें लागलें. आणि ज्याला वाढली नाहीं, तें मागासलेलें राहिलें म्हणून नव्हे, तर त्याच्या गाण्याला दुसरी तार नकोच होती म्हणून.

या दुसऱ्या गोष्टीचें उदाहरण जुन्नर तालुक्यांतच आहे. पुणें-नाशिक रस्त्यावरील नारायणगांव हें तमाशाच्या फडांचें माहेर. जुन्नर आणि आंबेगांव या दोन्ही तालुक्यांत चैत्र-वैशाखांत गांवोगांवच्या यात्रा भरूं लागल्या, कीं नारायणगांवच्या राहुट्यांतून सुपाऱ्या ठरूं लागतात. भाऊ-बापू मांग नारायणगांवकर यांचा फड येथलाच; भाऊंच्या कन्या विठाबाई (१९३५–२००२) यांचें नांव तर महाराष्ट्रभर झालें. अशा फडांत ढोलकी, हलगी आणि झांज यांच्या जोडीला तुणतुणें असावयाचेंच. एक नळकांडें, त्याच्या तळाला ताणलेलें कातडें, बाजूस बांबूची काठी, काठीच्या टोंकाला खुंटी, आणि कातड्याच्या मध्यांतून निघून त्या खुंटीला गुंडाळलेली एकच तार. सुरत्यानें ती छेडीत झील धरावयाची. फडांत पेटी आली, पुढें विजेवर चालणारीं वाद्येंहि आलीं. तुणतुण्याला दुसरी तार कांहीं आली नाहीं. ढोलकीच्या कडकडाटांत शाहिराला स्वराचा एक खुंटा हवा असतो, तेवढा तें पुरवितें. शहरांतील मंडळी तुणतुण्याला हंसतात, तें मला कधींच पटलें नाहीं.

ख्यालगायकाची गरज मात्र एका तारेनें भागत नाहीं. त्याच्या पाठीशीं तंबोरा लागतो. आणि आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं तंबोरा आहे, त्यांचा तो बहुधा मिरजेचा असेल. एकोणिसाव्या शतकांत पटवर्धनांच्या त्या संस्थानांत शिकलगार घराणीं हत्यारांना धार देत असत. हत्यारांचें काम ओसरलें, तेव्हां फरीदसाहेब प्रभृति कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम मिरजेस विष्णु दिगंबर पलुसकरांना मिळाली, आणि पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. अब्दुल करीम खांसाहेबांनीं तर मिरजेसच घर केलें. १९३७ सालीं ते निवर्तले, तेव्हां त्यांना तेथल्याच दर्ग्यांत मूठमाती मिळाली. ज्या गांवांत गवई आणि कारागीर असे शेजारीं राहतात, तेथें गवयाच्या कानाची तक्रार कारागिराच्या हातापर्यंत पोंचण्यास वेळ लागत नाहीं. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें.

आतां तक्रार कसली, तें पाहूं. चार तारांच्या तंबोऱ्यांत पहिली तार पंचमाची, मधली जोडी षड्जाची आणि शेवटची खर्जाची. मालकंसांत पंचम वर्ज्य, म्हणून पहिली तार मध्यमावर उतरवावयाची. मारव्यांतहि पंचम नाहीं, तेथें ती निषादावर लावावयाची. येथपर्यंत चारांत भागतें. पण यमनासारख्या रागांत पंचम हवा आणि निषादहि हवा. एकाच तारेवर दोन स्वर राहणार कसे? म्हणून पंचमाच्या शेजारीं निषादाची तार आली, आणि तंबोरा पांच तारांचा झाला. सहा तारांचेहि होतात.

नवा तंबोरा पांच तारांचाच घडविणें सोपें. आजोबांचा जुना तंबोरा पांच तारांचा करणें हा खरा जिवावरचा खेळ! चार खुंट्यांपैकीं दोन समोर आणि एकेक दोन्ही बाजूंस असते. पांचवीसाठीं पोकळ दांडीच्या कुशींत नवें भोंक पाडावें लागतें. लांकूड वाळून ठणठणीत झालेलें असतें. गिरमिट थोडें तिरपें गेलें तर चीर पडते, आणि खुंटी पुढें कधीं धड बसत नाहीं. वरच्या हाडाच्या पट्टीवर आणि घोडीवर सर्व तारांचीं अंतरें नव्यानें आंखावीं लागतात. घोडीची जवारी काढलेली असते ती जुन्या तारांच्या जागांवर. म्हणून तीहि पुन्हां घांसणें आलें. शिवाय पांचव्या तारेचा ताण तबलीवर पडतो, आणि तबली जुनी व पातळ असेल तर ती खचते. एवढें करून जुना आवाज परत येईलच, असें कोणी छातीठोकपणें सांगूं नये. रोज यमन गाणाऱ्याची गोष्ट वेगळी. पण ज्या घरीं तंबोरा वर्षांतून दोनदां खोळींतून बाहेर येतो, तेथें हें धाडस कशासाठीं?

हाच पेंच पश्चिमेकडे बास गिटारला पडला. आपल्याकडेहि वाद्यवृंदांतून हें वाद्य आतां सर्रास दिसतें, म्हणून त्याची हकीकत सांगतों. कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं चार तारांचा प्रिसिजन बास बाजारांत आणला. त्याच्या सर्वांत खालच्या तारेचीं आंदोलनें सेकंदास सुमारें ४१. १९६५ सालीं फेंडर कारखान्यानेंच पांच तारांचा बास काढला. पण पांचवी तार लावली वरच्या अंगाला! तो फारसा चालला नाहीं. पुढें खालच्या अंगाला, सेकंदास सुमारें ३१ आंदोलनांची तार आली, ती मात्र टिकली. ही तार जवळजवळ अष्टमांश इंच जाड. चार तारांच्या बासची दांडी वरच्या टोंकाशीं दीड ते पावणेदोन इंच रुंद; तींत पांच तारा कोंबल्या तर बोटांना जागा उरत नाहीं. म्हणून जाणते वादक भोंक पाडीतच नाहींत. सर्वांत वरची बारीक तार ते काढून टाकतात, उरलेल्या तीन एकेक घर वर सरकवितात, आणि मोकळ्या झालेल्या खालच्या घरांत नवी जाड तार बसवितात. वरचे कांहीं स्वर गमावतात, पण खालचे हवे ते मिळतात. पट्टीच्या खांचा तेवढ्या कानशीनें रुंद कराव्या लागतात. आणि पूर्ववत् करावयाचें झाल्यास नवी पट्टी आणि जुन्या तारा आणल्या, कीं वाद्य होतें तसें.