दहावीचा भूगोल : विषय आणि परीक्षेची नवी मांडणी (महाराष्ट्र)

दहावीचा भूगोल : महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षेतील, म्हणजे एस.एस.सी.तील, सामाजिक शास्त्रांचा दुसरा पेपर. पहिला पेपर इतिहास व राज्यशास्त्राचा. दोन्ही लेखी पेपर प्रत्येकी 40 गुणांचे, उरलेले 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, अशी 100 गुणांची जुळणी आहे. मंडळाची स्थापना 1 जानेवारी 1966 रोजी झाली. दहा वर्षांच्या शालेय आकृतिबंधानुसार पहिली परीक्षा 1975 मध्ये झाली. दरवर्षी सुमारे पंधरा लाख मुले ही परीक्षा देतात. त्यांतल्या बहुतेकांचा भूगोलाशी असलेला औपचारिक संबंध या पेपरानंतर संपतो, कारण अकरावीला विज्ञान किंवा वाणिज्य शाखा घेणाऱ्यांना हा विषय सहसा पुन्हा भेटत नाही. त्यामुळे या चाळीस गुणांच्या पेपरात काय विचारले जाते, याला गुणांच्या मानाने फार मोठे महत्त्व आहे.

या विषयाची सध्याची मांडणी दोन टप्प्यांत आली. नववीचे नवे पुस्तक 2017 मध्ये आणि दहावीचे 2018 मध्ये निघाले. या पुस्तकांवर आधारलेली दहावीची पहिली परीक्षा मार्च 2019 मध्ये झाली. पुस्तके बालभारतीने तयार केली आणि ती मराठी, इंग्रजी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड आदी माध्यमांत उपलब्ध झाली. आधीच्या रचनेत भूगोल आणि अर्थशास्त्र एका पेपरात शेजारी शेजारी असत. नव्या रचनेत अर्थशास्त्राचा भाग भूगोलातच मिसळला. नववीत ‘अर्थशास्त्राशी परिचय’ आणि ‘व्यापार’ हे पाठ वृष्टी, सागरजलाचे गुणधर्म आणि आंतरराष्ट्रीय वाररेषा यांच्या सोबतीला आले.

आशय : खरा बदल दहावीत झाला. भूगोल म्हणजे आपल्या देशाचे प्रदेश, पिके आणि खनिजे यांची यादी, अशी समजूत अनेक पिढ्यांत रुजली होती. 2018 च्या पुस्तकाने ती मोडली. त्याने भारताशेजारी ब्राझील ठेवला आणि प्राकृतिक रचनेपासून पर्यटन व वाहतुकीपर्यंतचे पाठ या दोन देशांच्या तुलनेवर उभारले. निवड विचारपूर्वक केलेली आहे. दोन्ही देश विस्ताराने मोठे, दोन्ही विकसनशील, दोन्ही ‘ब्रिक्स’ या देशगटाचे सदस्य. दोघांनीही युरोपीय सत्तेखाली दीर्घ काळ काढला. ब्राझील पोर्तुगालपासून 1822 मध्ये स्वतंत्र झाला, भारत 1947 मध्ये. पण भारत पूर्णपणे उत्तर गोलार्धात, तर ब्राझीलचा बहुतांश भाग दक्षिण गोलार्धात आहे. एकातून कर्कवृत्त जाते, दुसऱ्यातून विषुववृत्त आणि मकरवृत्त ही दोन्ही. आपल्याकडे डिसेंबरात थंडी असते, तेव्हा तिकडे उन्हाळा असतो.

तुलनेचा मोठा लाभ असा, की विद्यार्थ्याला ‘काय आहे’ यापाशी थांबता येत नाही; ‘इथे असे आणि तिथे तसे का’ हा प्रश्न आपोआप पुढे येतो. चक्रीवादळांचे उदाहरण घ्यावे. बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात ती दरवर्षी तयार होतात, पण ब्राझीलच्या किनाऱ्यावर जवळपास येतच नाहीत. याचे उत्तर दक्षिण अटलांटिकच्या तुलनेने थंड पाण्यात आणि उंचीनुसार वेगाने बदलणाऱ्या वाऱ्यांत आहे, कारण असे वारे वादळाचा भोवरा जमू देत नाहीत. मार्च 2004 मध्ये ‘कॅटरिना’ या नावाने ओळखले गेलेले वादळ दक्षिण ब्राझीलच्या सांता कॅटरिना राज्यावर आदळले, तेव्हा हवामानशास्त्रज्ञही चकित झाले होते. असा अपवाद वर्गात सांगितला, की नियम कायमचा लक्षात राहतो. ईशान्य ब्राझीलचेही तसेच आहे. तिथला कोरडा, काटेरी झुडपांचा प्रदेश पुस्तकात ‘अवर्षण चतुष्कोन’ म्हणून येतो. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत असलेल्या माणदेशातल्या मुलाला तो समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत.

दोन देशांचे नातेही पुस्तकातल्या तक्त्यांपेक्षा जुने आहे. कोकण आणि गोव्यातला काजू मुळात ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो या किनाऱ्यावर आणला. उलट दिशेने आपली गुरे तिकडे गेली. ब्राझीलमधली मांसासाठी पाळली जाणारी ‘नेलोर’ जात आंध्रातल्या ओंगोल वंशाची, आणि तिथल्या दुग्धव्यवसायात गीर गायीला मोठे स्थान आहे. शिक्षकाने एवढे सांगितले, तरी जगाच्या दुसऱ्या टोकाचा देश वेंगुर्ल्याच्या किंवा सावंतवाडीच्या वर्गात परका राहत नाही.

पुस्तकाचा पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’ हा आहे. नळदुर्गहून अलिबागपर्यंतच्या सहलीच्या रूपाने तो लिहिलेला आहे. पठारावरून निघून घाट उतरत किनाऱ्यापर्यंत जाताना जमीन, पिके, वस्ती आणि हवा कशी बदलत जाते, हे विद्यार्थी पाहतात, विचारतात आणि टिपून घेतात. भूगोल बाहेर पडून शिकायचा असतो, हे पुस्तक पहिल्याच पानांत सांगते. पुढच्या पाठांतही ‘नकाशाशी मैत्री’ या शीर्षकाखाली नकाशावरून प्रश्न विचारले आहेत. त्यांची उत्तरे मजकुरात शोधून मिळत नाहीत, नकाशाच वाचावा लागतो. पाठ्यपुस्तक म्हणून हे काम निश्चितच पुढचे आहे.

प्रश्नपत्रिका : वेळ दोन तास, गुण 40. पर्याय निवडणे, जोड्या लावणे, एका वाक्यात उत्तर देणे अशा वस्तुनिष्ठ प्रश्नांना 12 गुण. नकाशाला 8 : त्यांतले 4 भारताच्या किंवा ब्राझीलच्या आराखड्यात ठिकाणे भरण्याचे, 4 दिलेला नकाशा वाचून उत्तरे देण्याचे. ‘भौगोलिक कारणे लिहा’ याला 6, आलेख काढणे किंवा दिलेला आलेख वाचणे याला 6 आणि दोन सविस्तर उत्तरांना 8 गुण. आराखडा नकाशा मंडळ पुरवते. तो भरून उत्तरपत्रिकेला जोडायचा असतो. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी नकाशा आणि आलेखांच्या जागी पर्यायी प्रश्न असतात. उत्तीर्णतेची रेषा 35 टक्क्यांची.

आकडे पाहिले तर नकाशा आणि आलेख मिळून 14 गुण होतात, म्हणजे पेपराचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग. कौशल्याला एवढे वजन देणे योग्यच आहे. अडचण प्रश्नांच्या स्वरूपात आहे. भौगोलिक कारणांचे प्रश्न पाठाखालच्या स्वाध्यायातून येतात, हे सर्वांना माहीत असते. ‘ॲमेझॉनच्या खोऱ्यात मानवी वस्ती विरळ आहे’ किंवा ‘ब्राझीलमध्ये नियमित हिमवर्षाव होत नाही’ यांची उत्तरे गाईडमध्ये तयार मिळतात आणि क्लासमध्ये पाठ करून घेतली जातात. विचार करायला लावणारे विधान अशा रीतीने चार ओळींचे पाठांतर होऊन बसते. क्षेत्रभेटीचे तर याहून वाईट होते. तिच्यावर ‘कोणते साहित्य बरोबर न्याल’, ‘प्रश्नावली तयार करा’ असे प्रश्न येतात, आणि शाळेच्या फाटकाबाहेर न गेलेला मुलगाही त्यांचे पूर्ण गुण मिळवू शकतो. पुस्तकाने क्षेत्रभेटीला पहिला मान दिला. परीक्षेने तिची प्रत्यक्ष दखल घेतली नाही.

इंग्लंडमधल्या जी.सी.एस.ई. या शालान्त परीक्षेतल्या भूगोलाची रचना इथे पाहण्यासारखी आहे. 2016 पासून शिकवल्या जाणाऱ्या आणि 2018 मध्ये प्रथम परीक्षा झालेल्या तिथल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी निदान दोन वेळा, वेगवेगळ्या प्रकारच्या परिसरात क्षेत्रकार्य करणे बंधनकारक आहे. तसे झाल्याचे निवेदन शाळेला द्यावे लागते. एकूण गुणांपैकी 15 टक्के क्षेत्रकार्याशी निगडित असतात आणि काही प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या पाहणीवरच विचारले जातात. पंधरा लाख मुलांच्या परीक्षेत ही पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण गावच्या ओढ्याची, आठवडे बाजाराची किंवा एसटी स्थानकावरच्या प्रवाशांची पाहणी करायला खर्च लागत नाही. ‘तुम्ही केलेल्या पाहणीत’ अशी सुरुवात असलेला चार गुणांचा एक प्रश्न पेपरात आला, तरी राज्यभरच्या शाळा दुसऱ्याच दिवशी बाहेर पडतील.

करोनाकाळ : या पेपराच्या इतिहासात 2020 सालाची वेगळी नोंद करावी लागते. त्या वर्षी परीक्षा 3 मार्चला सुरू झाली. भूगोल शेवटी, 23 मार्चला होता. साथीमुळे तो आधी पुढे ढकलला गेला आणि एप्रिलमध्ये रद्द झाला. इतर विषयांच्या लेखी परीक्षेतल्या गुणांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण देण्यात आले. भूगोलाचा एकही प्रश्न न सोडवता भूगोलाचे गुण मिळालेली ही पहिली तुकडी. 2020-21 साठी अभ्यासक्रम 25 टक्के कमी करण्यात आला, आणि 2021 मध्ये तर संपूर्ण परीक्षाच रद्द होऊन नववी-दहावीच्या मूल्यमापनावर निकाल लागला, तो 99.95 टक्के होता. मार्च 2022 मध्ये लेखी परीक्षा परत आली. लिहिण्याची सवय तुटलेली होती, म्हणून 40 ते 60 गुणांच्या पेपरांना 15 मिनिटे वाढवून दिली गेली. 2023 पासून वेळेच्या शेवटी 10 मिनिटे अधिक देण्याची पद्धत आली. नकाशा भरणाऱ्या आणि आलेख काढणाऱ्या मुलांना या दहा मिनिटांचा खरोखर उपयोग होतो.

आकडेवारी व नकाशे : भूगोलाचे पुस्तक इतर विषयांच्या पुस्तकांपेक्षा लवकर जुने होते. 2018 नंतरच्या दोनच वर्षांत भारताचा राजकीय नकाशा बदलला. 31 ऑक्टोबर 2019 रोजी जम्मू-काश्मीर आणि लडाख हे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. जानेवारी 2020 मध्ये दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र आले. आज राज्ये 28 आणि केंद्रशासित प्रदेश 8 आहेत. महाराष्ट्रातच औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली. लोकसंख्येचा पाठ भारताच्या 2011 च्या आणि ब्राझीलच्या 2010 च्या जनगणनेवर उभा आहे. ब्राझीलने पुढची जनगणना 2022 मध्ये पूर्ण केली. लोकसंख्या सुमारे 20.3 कोटी भरली. भारताची 2021 ची जनगणना लांबली आणि तिच्यासाठी आता 1 मार्च 2027 ही संदर्भतारीख ठरली आहे. दरम्यान, 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारत जगातला सर्वाधिक लोकसंख्येचा देश झाला. दहावीच्या मुलाला वर्तमानपत्रात एक आकडा दिसतो आणि पेपरात दुसरा लिहावा लागतो, ही स्थिती चांगली नाही. त्यावरचा उपाय अवघड नाही : मंडळाने दरवर्षी जूनमध्ये बदललेले आकडे आणि सीमा यांचे दोन पानी परिशिष्ट शाळांना द्यावे आणि परीक्षेसाठी तेच प्रमाण मानावे.

पुढील वाटचाल : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ला अनुसरून राज्याचा शालेय शिक्षणाचा अभ्यासक्रम आराखडा 2024 मध्ये तयार झाला, आणि 2025-26 मध्ये पहिलीपासून नव्या पुस्तकांची सुरुवात झाली. क्रमाने हा बदल दहावीपर्यंत पोहोचेल. धोरणात पाठांतराऐवजी क्षमतेवर भर आहे. भूगोलापुरते बोलायचे, तर नव्या पुस्तकाची फार चिंता नाही. 2018 मध्ये पुस्तक चांगलेच झाले होते. या वेळी प्रश्नपत्रिकेचा आराखडा पुस्तकाच्या आधी ठरवावा, निदान त्याच्या बरोबरीने तरी. न पाहिलेला नकाशा, न वाचलेली आकडेवारी आणि स्वतः केलेली पाहणी यांवर किमान निम्मे गुण ठेवावेत, आणि तसे नमुना प्रश्न पहिल्या परीक्षेच्या वर्षभर आधी शिक्षकांच्या हाती द्यावेत.