‘विलायती दुनळी’ : तळटीप

नळीवरचे ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ हे नाव वाचून लेखकाने ही बंदूक बर्मिंगहॅमच्या वेस्ली रिचर्ड्सची ठरवली आहे. ते घाईचे वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेल्जियममधल्या लिएज शहरातून नामांकित इंग्रजी पेढ्यांशी मिळतीजुळती नावे कोरलेल्या स्वस्त दुनळ्या जगभर गेल्या. हे नाव त्यांतलेच. (लिव्हरपूलला एक खरा विल्यम रिचर्ड्सही होता, म्हणजे गोंधळात भरच!) म्हणून नावापेक्षा नळ्या उतरवून त्यांच्या बुडाचे चाचणीचे ठसे पाहावेत. लंबगोलात ‘ईएलजी’ असेल तर बंदूक लिएजची. त्यावर मुकुट असेल तर चाचणी १८९३ किंवा त्यानंतरची. इंग्रजी बंदुकीवरचा ‘नॉट फॉर बॉल’ हा ठसा १८७५ ते १८८७ या काळातला.

किंमत नक्षीवर कमी आणि नळीच्या उरलेल्या जाडीवर जास्त ठरते. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या दमास्कस नळ्या बहुधा काळ्या दारूसाठी तपासलेल्या असतात. शिवाय बारा बोअरच्या जुन्या बंदुकीचे काडतूसघर अनेकदा अडीच इंचांचे असते. पावणेतीन इंची काडतूस त्यात बिनबोभाट बसते, कारण ती लांबी उडाल्यानंतरची. तोंड उघडायला जागा न उरल्याने दाब वाढतो. पुढे लेखकाने कौतुकाने सांगितलेली, नळ्या आतून घासून ‘आरशासारख्या’ करण्याची दुरुस्ती धातू खाते. आतला व्यास ठशातल्या मापापेक्षा फार वाढला, तर ब्रिटिश नियमांनुसार ती चाचणीच रद्द ठरते.