शेतकरी, कंत्राटदार आणि कुटुंबवत्सल जोतीराव फुले



दरवर्षी जून महिन्यात प्रवेशाचे अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे असते. अर्जात ‘पालकाचा व्यवसाय’ असा एक रकाना आहे. कल्याण-डोंबिवलीच्या आसपासच्या गावांतून येणारी पुष्कळ मुले तो कोराच ठेवतात. कुणाचे वडील गवंडी असतात, कुणाचे सेंट्रिंगच्या कामावर जातात, तर कुणाची इमारतींच्या गराड्यात दोन-चार गुंठे भाताची जमीन उरलेली असते. गेल्या वर्षी एका मुलाने, वडील गवंडीकाम करीत असताना, त्या रकान्यात ‘नोकरी’ असे लिहिले होते. त्या दिवशी मला १८८२ सालच्या एका निवेदनाची आठवण झाली.

त्या वर्षी सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव गोविंदराव फुले यांनी १९ ऑक्टोबर रोजी आपले निवेदन दिले. तोवर त्यांनी मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा काढल्या होत्या, ‘गुलामगिरी’ लिहिली होती आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला होता. परंतु स्वतःची ओळख देताना त्यांनी नावापुढे व्यापारी, शेतकरी आणि पुणे नगरपालिकेचा सभासद एवढेच लिहिले. आपण त्यांना महात्मा म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण कष्टाची भाकरी खाणारा हा गृहस्थ आपल्या मुलांना फारसा माहीत नाही.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घराणे फुलमाळ्यांचे. मुलगा शिकून काय करणार, अशा विचाराने वडिलांनी त्यांना शाळेतून काढून शेतीच्या कामाला लावले. दिवसा मातीत राबायचे आणि रात्री दिव्यापाशी वाचायचे, असा त्यांचा क्रम होता. शेजारी राहणारे फारसीचे जाणकार गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी हे पाहिले व गोविंदरावांची समजूत घातली. त्यामुळे १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. एका मुसलमान शेजाऱ्याने दुसऱ्याच्या मुलासाठी टाकलेला हा शब्द किती मोलाचा ठरला, याचा आपण विचार करावा. पुढे १८४९ मध्ये शाळांच्या कामापायी जोतीराव-सावित्रीबाईंना वडिलांचे घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. सावित्रीबाईंच्या १८५६ सालच्या एका पत्रात फातिमाचे नाव आपुलकीने आले आहे.

समाजकार्य लोकांच्या वर्गणीवर चालते, अशी आपली समजूत असते. जोतीरावांनी मात्र पोटापाण्याची आणि कार्याचीही सोय आपल्या धंद्यातून केली. ते बांधकामाची कंत्राटे घेत. १८७० नंतरच्या दशकात पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण बांधले गेले. त्या कामाला त्यांनी बांधकामाचे साहित्य पुरविले. मांजरी येथे त्यांची स्वतःची शेती होती. म्हणजे धरणाला साहित्य पुरविणाराही तोच आणि पाण्याची वाट पाहणारा शेतकरीही तोच.

दोन्ही बाजू पाहिल्यामुळे ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या पुस्तकात ते अंदाजाने बोलत नाहीत. पाटबंधारे खात्याचे अधिकारी पाणीपट्टी घेतात, पण पाणी वेळेवर देत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून बांध घालावेत, तलाव-तळी बांधावीत, जनावरांची पैदास सुधारावी, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे, असे उपायही सुचविले. या पुस्तकातील काही भाग ‘दीनबंधू’ पत्रात छापला गेला. त्या पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे १८४८ मध्ये आपल्या ठाण्यातच जन्मले. गिरणी कामगारांना १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली, ती त्यांच्याच प्रयत्नाने.

आता घरचे जोतीराव पाहू. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. या दाम्पत्याला मूल नव्हते. फसविल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी आपल्या घरीच बाळंतपणाची सोय केली होती. तेथे १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. त्यालाच त्यांनी दत्तक घेतले, यशवंत नाव ठेवले आणि शिकवून डॉक्टर केले. १८८८ मध्ये पक्षाघाताने जोतीरावांचा उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले, आणि पुढल्याच वर्षी यशवंताने ते पुस्तक प्रसिद्ध केले. १८९७ च्या प्लेगमध्ये यशवंताच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. असा हा संसार होता.

हंटर आयोगापुढील त्या निवेदनाकडे पुन्हा वळतो, कारण त्यात मज शिक्षकासाठीही एक धडा आहे. जोतीराव म्हणतात की, प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, वेळ पडल्यास नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्यांना लाज वाटू नये. मुसलमान मुले या शाळांपासून दूर राहतात, त्यांच्या भाषेच्या शाळा थोड्याच आहेत, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. आज आपल्या मुली मराठी-इंग्रजीचे धडे घडाघडा वाचतात, तेव्हा ती उणीव थोडीबहुत भरून निघाली, असे वाटते. पण लाजेचा भाग अजून शिल्लक आहे. गवंड्याचा मुलगा शिकतो आणि शिकता शिकता बापाच्या हातांची लाज बाळगू लागतो. असे होत असेल तर दोष आम्हां शिकविणारांचाही आहे.

त्या मुलाचा अर्ज मी त्याला परत दिला आणि जोतीरावांची ही हकीकत सांगितली. त्याने ‘नोकरी’ हा शब्द खोडला व ‘गवंडी’ लिहिले. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील सही करायला आले. बोटांना सिमेंट तसेच होते. त्यांनी रकाना वाचला, मुलाकडे पाहिले आणि सही केली.

पालकहो, पुढल्या जून महिन्यात तो रकाना आपण स्वतःच भरा आणि मुलाला मोठ्याने वाचायला सांगा, एवढीच विनंती.