मल्टिपल स्क्लेरोसिस व आतड्यातील सूक्ष्मजीव

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मेंदू व मज्जारज्जू यांचा दीर्घकालीन रोग. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा मज्जातंतूंवरील मायलिन या स्निग्ध आवरणावर हल्ला करते. त्यामुळे संदेशवहन मंदावते. दृष्टी अंधुक होणे, हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे व अतिशय थकवा ही नेहमीची लक्षणे होत. फ्रेंच वैद्य झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये रोगाचे पहिले सुसंगत वर्णन केले. कारणांमध्ये आनुवंशिकता, एप्स्टाइन-बार विषाणूचा पूर्वसंसर्ग, ड जीवनसत्त्वाची कमतरता व धूम्रपान यांचा समावेश होतो. एकबीज जुळ्यांपैकी एकाला हा रोग असल्यास दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण सुमारे २५ टक्केच आहे. म्हणजे जनुकांबाहेरच्या कारणांना बराच वाव उरतो. त्या कारणांच्या शोधात २०११ पासून आतड्यातील सूक्ष्मजीवांकडे लक्ष वळले.

प्राण्यांवरील प्रयोग : उंदरांमध्ये मायलिनविरुद्ध प्रतिक्रिया घडवून एमएससदृश रोग निर्माण करता येतो. त्याला प्रायोगिक स्वयंप्रतिकारी मस्तिष्क-मज्जारज्जुशोथ (ईएई) म्हणतात. जर्मनीतील मार्टिन्सरीड येथील माक्स प्लांक संस्थेत हार्टमुट वेकर्ले यांच्या गटाने जनुकबदल करून उंदरांचा एक वाण तयार केला. त्यात हा रोग कोणतीही लस न टोचता आपोआप उद्भवतो. केर्स्टिन बेरेर, गुरुमूर्ती कृष्णमूर्ती व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले, की हेच उंदीर पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवले तर ते निरोगी राहतात आणि त्यांच्या आतड्यात सामान्य जिवाणू सोडले की थोड्याच काळात आजारी पडतात. जनुके तीच. फरक होता तो फक्त जिवाणूंचा. या क्षेत्रातील पुढील बरेच काम या प्रयोगावर उभे आहे.

त्याच वर्षी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील सार्किस मझमानियन यांच्या गटाने जंतुविरहित उंदरांत ईएई सौम्य राहतो असे नोंदवले. खंडित तंतुरूप जिवाणू (एसएफबी) आतड्यात सोडल्यावर तो पुन्हा तीव्र झाला. हे जिवाणू दाहकारक टीएच-१७ पेशी वाढवतात. उलट, *बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस* या जिवाणूच्या आवरणातील पॉलिसॅकराइड-ए हे द्रव्य नियामक टी-पेशींना बळ देऊन रोग आवरते. म्हणजे सूक्ष्मजीव सरसकट घातक वा सरसकट हितकारक ठरत नाहीत.

रुग्णांमधील निरीक्षणे : जपान (२०१५) व अमेरिका (२०१६) येथील छोट्या अभ्यासांत रुग्णांच्या विष्ठेतील जिवाणूंचे प्रमाण निरोगी व्यक्तींपेक्षा वेगळे आढळले. अनेक अभ्यासांत *ॲकरमान्सिया* वाढलेला, तर काहींत *प्रिव्होटेला* घटलेला दिसला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय आयएमएसएमएस अभ्यासात ५७६ रुग्ण व प्रत्येकाच्या घरातील एक निरोगी व्यक्ती अशा जोड्यांची तुलना करण्यात आली. एकाच घरात, एकाच स्वयंपाकावर राहणारी माणसे निवडल्याने आहाराचा गोंधळ बराच टळला. *ॲकरमान्सिया म्युसिनिफिला* येथेही वाढलेला होता, *फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी* घटलेला. तथापि *ॲकरमान्सिया*चा अर्थ वादग्रस्त आहे; काही प्रयोगांत तो रोग शमवणारा ठरला. औषधे आणि रुग्णांत नेहमी आढळणारी बद्धकोष्ठताही जिवाणूंचे प्रमाण बदलतात. म्हणून अशा याद्यांवरून कारण कोणते व परिणाम कोणता हे ठरत नाही.

जुळ्यांचे अभ्यास : ही अडचण ओलांडण्यासाठी वेकर्ले यांच्या गटाने एकाला एमएस असलेल्या व दुसरा निरोगी असलेल्या एकबीज जुळ्यांच्या ३४ जोड्या निवडल्या (२०१७). त्यांपैकी काहींची विष्ठा जंतुविरहित उंदरांना दिली. रुग्ण जुळ्याचे जिवाणू मिळालेल्या उंदरांत रोग अधिक प्रमाणात उद्भवला व दाह शमवणारे इंटरल्युकिन-१० कमी आढळले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथील सर्जिओ बारान्झिनी यांच्या गटाने वेगळ्या रुग्णांवरून जुळता निष्कर्ष काढला. वेकर्ले यांच्या गटाच्या २०२५ मधील अभ्यासात जुळ्यांच्या जोड्यांची संख्या ८१ होती. या वेळी चार जोड्यांच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून (शेषांत्रातून) नमुने घेण्यात आले, कारण प्रतिकारपेशींची वर्दळ तेथे मोठी असते. हे नमुने जंतुविरहित उंदरांना दिल्यावर रुग्णांकडील जिवाणूंमधून *आयसेनबर्गिएला टायी* व *लॅक्नोक्लोस्ट्रिडियम* या दोहोंवर संशय केंद्रित झाला. विष्ठेतील मोजणीपेक्षा असे रोपणाचे पुरावे अधिक वजनाचे मानावे लागतात. मात्र नमुने थोडे आहेत व ग्राहक प्राणी उंदीर आहे.

कार्ययंत्रणा : तंतुमय अन्न आंबवून जिवाणू प्रोपियोनेट व ब्युटिरेट ही लघुशृंखल मेदाम्ले तयार करतात, ती नियामक पेशी वाढवतात. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनणारी द्रव्ये मेंदूतील तारापेशींचा दाह कमी करतात (उंदीर, २०१६). आतड्यातील आयजीए प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी मेंदूकडे जातात असेही दिसले आहे (२०१९).

भारत : मुंबईतील पारशी समाजात एमएसचे प्रमाण इतर भारतीयांपेक्षा जास्त असल्याचे भरूचा (१९८८) व वाडिया (१९९०) यांच्या पाहण्यांत आढळले. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ मध्ये निरोगी भारतीयांच्या आतड्यात *प्रिव्होटेला* विपुल असल्याचे दाखवले. या दोन निरीक्षणांचा परस्परसंबंध सिद्ध झालेला नाही.

आहार : कोणताही विशिष्ट आहार एमएस बरा करतो असे सिद्ध झालेले नाही.

उपचार : बोखुम येथील ऐडन हघिकिया यांच्या गटाने रुग्णांना प्रोपियोनिक आम्ल दिल्यावर दोन आठवड्यांत नियामक पेशी वाढल्याचे नोंदवले (२०२०). विष्ठारोपणाचे प्रयोग लहान आहेत. एमएसच्या मान्यताप्राप्त औषधांत आतड्यातील जिवाणूंवर आधारित एकही उपचार नाही.