गडकऱ्यांचा उठाव (१८४४)

कोल्हापूर संस्थानातील डोंगरी किल्ल्यांवरच्या वंशपरंपरागत शिबंदीने ईस्ट इंडिया कंपनीच्या सत्तेविरुद्ध केलेला सशस्त्र उठाव. जुलै १८४४ मध्ये सामानगड (आजचा गडहिंग्लज तालुका) आणि भुदरगड येथे त्याची सुरुवात झाली. तेथून तो पन्हाळा-पावनगडापर्यंत गेला आणि सह्याद्री उतरून सावंतवाडीच्या रानात १८४५ पर्यंत धुमसत राहिला. तो मोडण्यासाठी फौज आणि तोफा निघाल्या त्या बेळगावच्या छावणीतून. त्यामुळे संकेश्वर, निपाणी, चिकोडी या पट्ट्याचा आणि या उठावाचा संबंध कोल्हापूरइतकाच जवळचा आहे. सरकारी कागदांनी त्याला ‘बंड’ म्हटले व तेच नाव पुढे रूढ झाले. या नोंदीत ‘उठाव’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. ज्यांची भाकरी आणि चाकरी एकाच हुकमाने गेली, त्यांनी हत्यार उचलले तर त्याला नुसते बंड म्हणणे अपुरे ठरते.

गडकरी म्हणजे गडावर पगारी नोकरी करणारा शिपाई नव्हे. त्याचा पगार गडाच्या पायथ्याशी शेतात उगवत असे. गडाच्या घेऱ्यात त्याला जमीन लावून दिलेली असे. ती त्याच्या आजाने कसली, बापाने कसली आणि त्या बदल्यात घरातला एक माणूस पिढ्यान्‌पिढ्या तटावर पहाऱ्याला उभा राहिला. हवालदार गडाचा मुख्य, सरनोबत शिबंदीचा, सबनीस हिशेबाचा आणि कारखानीस दाणागोटा व दारूगोळ्याचा, अशी कामांची वाटणी शिवकाळापासून चालत आलेली होती. एकट्या माणसाच्या हाती गड राहू नये, हा त्यामागचा हेतू. तटाचे पल्ले वाटून दिलेले असत. सूर्यास्ताला दरवाजे लागत, किल्ल्या ठरलेल्या माणसाकडे जात आणि पहाट होईपर्यंत आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. गडाखालच्या मेटांवर व रानात रामोशी, बेरड, महार यांच्या चौक्या असत. कोणती पायवाट पावसात वाहून जाते, कुठल्या कड्यावरून घोरपडीसारखा माणूस चढू शकतो, हे त्यांना ठाऊक असे. गडाचे खरे कान-डोळे हेच लोक. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची नावे फारशी येत नाहीत, ही खंत नोंदवावीशी वाटते.

शांततेच्या काळातले गडावरचे जिणे कष्टाचे आणि बरेचसे शेतकऱ्याचेच होते. पावसाळ्याआधी घरे शाकारायची, तोफांना तेल-मेण देऊन त्यांच्यावर छप्पर करायचे, धान्याच्या कोठारांची ओल तपासायची, पाऊस सरला की तटात रुजलेली झाडेझुडपे उपटायची. टाक्यांचे आणि विहिरींचे पाणी हा तर जिवाचा प्रश्न. सामानगडावरची खडकात खोदलेली, कमानींखालून पायऱ्या उतरत जाणारी सात कमान विहीर आजही पाहिली की वेढा पडल्यावर तग धरण्याचा विचार किती खोलवर केला होता ते समजते.

जमिनीच्या मोबदल्यात शिपाईगिरी ही पद्धत फक्त गडांपुरती नव्हती. बेळगावच्या पूर्वेला आणि दक्षिणेला, कित्तूर देसाईंच्या मुलखात, तिला शेतसनद म्हणत. सनदेने मिळालेले शेत कसायचे आणि बोलावणे आले की ढाल-तलवार घेऊन हजर व्हायचे, हा शेतसनद्याचा धर्म. संगोळ्ळी रायण्णा हा असाच शेतसनदी. १८२४ मध्ये कित्तूरच्या चन्नम्मा राणीने दत्तकाच्या प्रश्नावर कंपनीशी युद्ध मांडले. २३ ऑक्टोबरला कलेक्टर थॅकरे कित्तूरसमोर ठार झाला, पण डिसेंबरात किल्ला पडला आणि राणी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैद झाली. फेब्रुवारी १८२९ मध्ये तिथेच ती वारली. रायण्णाने पुढे रान गाठून कंपनीच्या कचेऱ्या जाळल्या, खजिने लुटले. एप्रिल १८३० मध्ये फितुरीने तो सापडला आणि २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगड येथे त्याला फाशी दिली. कन्नड मुलखातला शेतसनदी आणि मराठी मुलखातला गडकरी यांची भाषा वेगळी होती, पण दोघांचे दुखणे एकच होते. शिपायाच्या हक्काची जमीन कंपनीच्या नजरेत केवळ सारा देणारी जमीन ठरली, आणि ती कसणारा शिपाई केवळ एक कूळ. या सीमाभागातल्या त्या काळच्या लढायांचे मूळ बघायचे तर ते येथे सापडते. राजघराण्यांच्या वारसाहक्कावर इतिहासात फार लिहिले गेले. शिपायाच्या वारसाहक्कावर त्या मानाने थोडे.

कोल्हापूरचे हातपाय १८२६ ते १८२९ या काळातल्या तहांनी आधीच बांधले गेले होते. चिकोडी आणि मनोळी हे तालुके संस्थानाच्या हातून गेले होते. १८३८ मध्ये शाहाजी महाराज वारले. गादीवर अल्पवयीन शिवाजी महाराज, कारभार राजघराण्यातील स्त्रियांकडे, आणि मग कंपनीने कारभारी म्हणून दाजी कृष्ण पंडित यांना नेमले. खर्च आटोक्यात आणणे आणि वसुली एकहाती करणे हे त्यांना नेमून दिलेले काम होते. गडांकडे असलेला गडकऱ्यांच्या जमिनींचा कारभार काढून तो मामलेदारांकडे देण्यात आला. कागदावर ही नुसती व्यवस्थेची फेररचना होती. गडकऱ्याच्या घरात मात्र तिचा अर्थ असा पोचला की शेतीचा निर्णय आता हवालदाराच्या सदरेवर होणार नाही, खाली कचेरीत होईल. आणि ज्या गडावाचून जमीन राहू शकते, त्या गडाला गडकरी कशाला हवा?

जुलै १८४४ मध्ये सामानगड आणि भुदरगडाच्या शिबंदीने दरवाजे लावून घेतले. लष्करी दृष्टीने उठावाची ही पहिली आणि सर्वांत महत्त्वाची चाल. ऐन पावसाळा होता. काळ्या मातीचे रस्ते चिखलात बुडालेले, नद्या दुथडी भरलेल्या. अशा दिवसांत अवजड तोफ गडाखाली आणणे जवळपास अशक्य. तोफेवाचून तट फुटत नाही, आणि पाणी व दाणा असेपर्यंत उपासमारीने गड पडत नाही. दरवाजा बंद करायचा, पाऊस आपल्या बाजूने लढू द्यायचा, तोवर इतर गडांना उठायला वेळ मिळवून द्यायचा, हे त्यामागचे गणित. संस्थानाची स्वतःची फौज भुदरगडावर गेली तेव्हा शिबंदीने बाहेर पडून तिला मागे रेटले. सामानगडाबद्दलच्या स्थानिक परंपरेत मुंजाप्पा कदम यांचे नाव नेता म्हणून येते आणि साडेतीनशे गडकरी त्यांच्याबरोबर होते असे सांगतात.

सप्टेंबरात कर्नल वॉलेसच्या हाताखाली बेळगावहून सामानगडावर तुकडी निघाली. गडाखालची पेठ तिने घेतली, पण वर गड तसाच राहिला. बंदुका आणि हलक्या तोफांनी काही होईना, तेव्हा मोठ्या तोफांची वाट पाहण्याखेरीज वेढा घालणाऱ्यांच्या हाती काही उरले नाही. त्या तोफा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस ओसरल्यावर, पोचल्या. सूत्रे जनरल डेलामोटकडे होती. भडिमाराने तटाला खिंडार पडले आणि १३ ऑक्टोबरला सुलतानढवा करून गड घेतला गेला.

सामानगडाची दुबळी बाजू जागेवर गेल्याशिवाय नीट कळत नाही. गडासमोर, तोफेच्या टप्प्यात, एक टेकडी आहे. लोक तिला मुघल टेकडी म्हणतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे प्रकरण आहे. गडासमोर बरोबरीचा दुसरा डोंगर असू नये, असला तर तो सुरुंगाने फोडावा किंवा बांधून काढून गडाच्या आहारी आणावा, असे त्यात निक्षून सांगितले आहे. आज्ञापत्र कोल्हापूरच्याच छत्रपतींच्या दरबारातले, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातले. ज्ञान घरातच होते. पण गड सजवायला खजिना लागतो, आणि तहांनी जखडलेल्या संस्थानाकडे तो नव्हता. शिवाय अठराव्या शतकाच्या तोफा आणि कंपनीच्या वेढ्याच्या तोफा यांत फार अंतर पडले होते. ज्या तटाने आधी महिने काढले असते, तो आता दोन-तीन दिवसांत कोसळू लागला.

दरम्यान कोल्हापूर शहरातल्या शिबंदीनेही उचल खाल्ली आणि दाजी पंडितांना अटकेत ठेवले. भुदरगड १३ नोव्हेंबरला पडला. तेथले बरेच लोक निसटून पन्हाळ्याला मिळाले. याच सुमारास साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स प्रवासात असताना उठाववाल्यांच्या हाती लागला आणि त्यांनी त्याला पन्हाळ्यावर कोंडले. एवढा मोठा अधिकारी ओलीस धरणे ही वाटाघाटीसाठी केलेली हुशार चाल होती, पण तिचा परिणाम उलटा झाला. कंपनीने आपला सगळा जोर पन्हाळ्याकडे वळवला. १ डिसेंबर १८४४ रोजी पन्हाळ्याला खिंडार पाडून तो घेतला गेला, त्याच दिवशी पावनगडही. या लढाईत बाबाजी अहिरेकर हा उठावाचा एक पुढारी मारला गेला. ओव्हान्सची सुटका झाली.

पन्हाळ्यानंतर लढाईचे रूप बदलले. उरलेले लोक पश्चिमेला, रांगण्याकडे आणि पुढे मनोहरगड-मनसंतोषगडाच्या दाट जंगलात शिरले. तिथे सावंतवाडीचे फोंड सावंत आणि त्यांचे साथीदार उठले होते. कंपनीचा अधिकारी जेम्स औट्रम या मोहिमेवर होता. रानातल्या या टोळ्यांना पकडणे कंपनीला गडांपेक्षा जड गेले. मनोहरगड पडल्यावरही अनेक जण सीमा ओलांडून पोर्तुगीजांच्या गोव्यात गेले आणि त्यांना परत मिळवणे कंपनीला साधले नाही. दोन्ही टप्पे शेजारी ठेवले की एक गोष्ट ठळक दिसते. गड धरून बसणे ही गडकऱ्याची पिढीजात विद्या होती, तोच त्याचा अभिमान होता, आणि त्याच अभिमानाने तो एका जागी खिळला. कंपनीला नेमके तेच हवे होते, कारण जे जागेवर उभे आहे त्याच्यावर तोफ डागता येते. रायण्णाचे हिंडते युद्ध फितुरीने संपले, सावंतवाडीचे रानातले युद्ध सीमेपलीकडे विरले, पण तोफांनी ती दोन्ही संपवता आली नाहीत. तरीही गडकऱ्यांनी रान न धरता गड धरला याला चूक म्हणवत नाही. गड सोडून लढणे म्हणजे ज्यासाठी लढायचे तेच आधी सोडून देणे होते.

उठाव शमल्यावर सामानगड, भुदरगड, पन्हाळा या गडांचे तट पाडण्यात आले. सामानगडाचा बालेकिल्लाही तेव्हा जमीनदोस्त झाला. मोहिमेचा खर्च कोल्हापूर संस्थानावर लादला गेला आणि ते कर्ज पुढे अनेक वर्षे फेडावे लागले. कारभार थेट इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती गेला. गडकऱ्यांच्या जागी संस्थानात इंग्रज अंमलदारांखाली नवी पायदळ पलटण उभारण्यात आली. तिच्या शिपायाला गणवेश, कवायत आणि महिन्याच्या महिन्याला पगार होता, शेत नव्हते.

गडकऱ्यांच्या उठावानंतर तेरा वर्षांनी, ३१ जुलै १८५७ च्या रात्री, कोल्हापुरात २७वी देशी पलटण उठली. बेळगावच्या छावणीतही त्या पावसाळ्यात धरपकड झाली आणि देहदंड दिले गेले. डिसेंबरात कोल्हापूर शहराचे दरवाजे पुन्हा आतून लावून घेण्यात आले. या वेळी पुढारी राजघराण्यातले चिमासाहेब मानले गेले. कंपनीचा अधिकारी लेग्रँड जेकब याने दरवाजा फोडून शहर घेतले, अनेकांना मृत्युदंड दिला आणि चिमासाहेबांना कराचीला धाडले. १८६९ मध्ये त्यांचा तिथेच अंत झाला.